मृण्मूर्ती आणि कहाणी : भोगवर्धनाच्या परिसरातील एक विचार

जालन्याहून भोकरदनकडे जाणाऱ्या मार्गावर, गणपतीचे राजूर मागे पडल्यानंतर, पूर्णा नदीच्या काठी केदारखेडा हे गाव लागते. अजिंठ्याच्या डोंगररांगांत उगम पावणारी ही पूर्णा पुढे गोदावरीस मिळते. येथून जवळच, केळना नदीच्या काठी, तालुक्याचे ठिकाण भोकरदन वसलेले असून प्राचीन लेखांतील भोगवर्धन ते हेच होय. या टापूच्या उत्तरेस अजिंठा, पश्चिमेस वेरूळ आणि नैर्ऋत्येस प्रतिष्ठान म्हणजे पैठण आहे. कथा रंगांत, पाषाणात आणि शब्दांत सांगणारी तीन मोठी केंद्रे ज्या प्रदेशाभोवती आहेत, त्या प्रदेशातील कुंभाराने मातीतून कथा सांगितली काय, आणि सांगितली असल्यास ती कोणत्या रीतीने, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. प्रश्न वरवर कलेतिहासाचा दिसतो. परंतु त्याचे उत्तर शोधू लागले असता तो भाषेच्या अभ्यासाशी येऊन भिडतो.

भोगवर्धनाचे नाव सांचीच्या दानलेखांत येते. तेथील स्तूपाच्या उभारणीस ज्या गावोगावच्या उपासकांनी आणि उपासिकांनी हातभार लावला, त्यांत भोगवर्धनाचे रहिवासीही होते. याच स्तूपाच्या तोरणांवर पुढे वेस्संतर, छद्दंत, साम इत्यादी जातकांची कथाशिल्पे कोरली गेली. दक्षिण तोरणावरील एका लेखात विदिशेच्या दंतकारांनी, म्हणजे हस्तिदंताचे काम करणाऱ्यांनी, तेथील ‘रूपकम्म’ केल्याचे नमूद आहे. या उल्लेखाला भोकरदनच्या संदर्भात विशेष महत्त्व प्राप्त होते. १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांच्या संयुक्त विद्यमाने डॉ. शां. भा. देव आणि डॉ. र. श्री. गुप्ते यांनी भोकरदन येथे उत्खनन केले. त्यात मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीच्या अवशेषाचे इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या प्रसिद्ध भारतीय हस्तिदंती मूर्तीशी असलेले साम्य अभ्यासकांच्या लक्षात आले. पॉम्पेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. त्यामुळे त्या मूर्तीच्या काळाची उत्तरमर्यादा निश्चित आहे. सातवाहनकालीन भोगवर्धन हे दूरच्या व्यापाराशी जोडलेले आणि सूक्ष्म कारागिरीचा परिचय असलेले नगर होते, हे यावरून स्पष्ट होते.

अशा नगराच्या मृण्मूर्ती पाहू लागले की एक गोष्ट प्रथमदर्शनीच जाणवते. तेर, पैठण, नेवासे, भोकरदन, तसेच तेलंगणातील कोंडापूर या सातवाहनकालीन स्थळी पांढरट, मऊ पोताच्या केओलिन मातीच्या लहान मूर्ती मिळतात. अंगावर ठसठशीत अलंकार आणि काळजीपूर्वक रचलेला केशसंभार असलेल्या स्त्रिया, गुबगुबीत बालके, पशू आणि पशूंवर बसलेल्या आकृती हे त्यांतील नेहमीचे विषय. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्यांचा उत्कृष्ट संग्रह आहे. या मूर्तींत कौशल्याची वाण नाही. चेहऱ्यावरील स्मित आणि वस्त्राची चुणी दोन्ही त्यांत उतरली आहेत. परंतु प्रसंग मात्र त्यांत सहसा नाही. आकृती एकटी असते. तिच्यासमोर कोणी नाही, तिच्यामागे काही नाही; ती कोठून आली आणि कोठे चालली, हे ती सांगत नाही.

याच्या उलट स्थिती उत्तर भारतात आढळते. वाराणसीच्या भारत कला भवनातील कौशांबीचा शुंगकालीन मृत्फलक सर्वश्रुत आहे. हत्तिणीवर बसून वासवदत्तेला घेऊन निघालेला उदयन, आणि पाठलाग करणाऱ्यांना रोखण्यासाठी पिशवीतून नाणी उधळणारा मागचा सेवक, एवढा सारा प्रसंग तळहातावर मावेल अशा फलकात सामावला आहे. ज्याला ही कथा ठाऊक आहे, त्याला तो फलक पाहताच तिची आठवण होते. ज्याला ठाऊक नाही, त्यालाही कोणी तरी पळून जात आहे आणि कोणी तरी पाठीवर आहे, एवढे समजते. म्हणजे येथे माती स्वतःच क्रियापद उच्चारते. दख्खनची मूर्ती मात्र केवळ नाम उच्चारून थांबते.

हा भेद अभिरुचीचा आहे असे म्हणून सोडून देता येणार नाही. त्याचे एक कारण घडणीच्या पद्धतीत आहे. कौशांबीचा फलक एका साच्यातून काढलेला आहे. साच्यात माती दाबून भरली की आकृतींबरोबर त्यांच्या मागची सपाट भूमीही तयार होते. आणि भूमी मिळाली की तीवर दुसरी आकृती, वृक्ष, वाहन, पाठलाग करणारा शत्रू, सर्वांना जागा होते. दख्खनच्या केओलिन मूर्ती बहुधा दुहेरी साच्यातल्या आहेत. पुढचा भाग एका साच्यात आणि मागचा दुसऱ्यात काढून, ओलसर असतानाच दोन्ही अर्धे जुळवावयाचे. आतील पोकळीमुळे मूर्ती हलकी होते, आणि भिंती पातळ असल्याने ती भाजताना तडकण्याचे भयही कमी राहते. ही पद्धत अधिक प्रगत आहे, कारण तीमुळे मूर्ती सर्व बाजूंनी पाहता येते. परंतु या लाभाबरोबर एक हानीही पदरी येते : मागची भूमी नाहीशी होते. भूमी गेली की दुसऱ्या आकृतीचा आधार गेला, आणि त्याबरोबर प्रसंगही गेला. तात्पर्य, दख्खनच्या कारागिराने जी पद्धत पत्करली तिनेच त्याची मूर्ती एकटी केली.

दुसरे कारण भूगोलात आहे. बंगालमधील विष्णुपूर येथे सतराव्या शतकात मल्ल राजांनी बांधलेल्या मंदिरांच्या भिंती रामायण, महाभारत आणि कृष्णलीला यांतील प्रसंगांच्या भाजलेल्या मृत्फलकांनी मढविलेल्या आहेत. १६४३ चे श्यामराय मंदिर हे त्याचे ठळक उदाहरण. त्या गाळाच्या प्रदेशात चांगला बांधकामाचा दगड दुर्मीळ, म्हणून वीट आणि माती यांनाच कथेचा भार वाहावा लागला. दख्खनमध्ये बेसाल्टचे डोंगरच्या डोंगर हाताशी होते. येथे कथा अजिंठ्याच्या गिलाव्यावर रंगली आणि वेरूळच्या कैलास मंदिरावर रामायण-महाभारताच्या शिल्पपट्टांत कोरली गेली. दीर्घकाळ टिकावयाची कथा पाषाणाकडे गेली. मातीकडे जे राहिले ते घरातले, हातातले आणि सणावाराचे.

येथपर्यंतच्या विवेचनावरून दख्खनच्या मातीने कथा सांगितलीच नाही, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु तो घाईचा ठरेल. उत्खननात जी मृण्मूर्ती मिळते ती बहुतांशी भाजलेली असते. ‘आपाक’ या संस्कृत शब्दापासून आलेला ‘आवा’ हा कुंभाराच्या भट्टीचा शब्द येथे लक्षात घ्यावा. आव्यातून निघालेली माती हजारो वर्षे टिकते. न भाजलेली पाण्यात विरघळते. महाराष्ट्रात ज्या मातीच्या आकृतींभोवती कथा सांगितली जाते त्या बहुधा दुसऱ्या प्रकारच्या आहेत. पोळ्याचे बैल, नागपंचमीचा नाग, हरतालिकेच्या पूजेतील सखी-पार्वती, भाद्रपदातील गणपती, विदर्भ-खानदेशात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली ज्यांच्यासमोर गाणी म्हणतात ते भुलाबाई आणि भुलोजी, या साऱ्यांची परंपरागत रीत अशी की काम संपताच त्यांना पाण्यात सोडावयाचे. त्यांतील कित्येक आव्याचे तोंडही पाहत नाहीत. यावरून पुरातत्त्वज्ञासमोर केवढी अडचण उभी राहते, हे ध्यानात यावे. कथेवाचून असलेली माती त्याच्या हाती लागते, आणि कथेसह असलेली माती नदीतळ्यांत मिसळून गेलेली असते.

क्वचित मात्र अपवाद घडतो. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन महाविद्यालयाने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. तेथील जोर्वे संस्कृतीच्या एका घरात, जमिनीखाली पुरलेली मातीची एक लांबट पेटी मिळाली. काळ इ. स. पू. सुमारे १३००. पेटीत एक स्त्रीमूर्ती होती. पेटीवर मस्तक नसलेली दुसरी स्त्रीमूर्ती आणि एक बैल ठेवलेला होता. शिरोहीन मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला छिद्रे असून, काडीच्या साहाय्याने ती मूर्ती बैलावर बसविता येत असे. हे सर्व न भाजलेल्या मातीचे होते आणि पेटीमुळेच ते वाचले. येथे साचा नाही, कलाकुसर नाही, चेहराही नाही. परंतु दोन मूर्तींमधील संबंध आहे, वाहन आहे, झाकणे आणि उघडणे आहे, बसविणे आणि उतरविणे आहे. घरातील कोणी तरी ही काडी छिद्रात घालीत असताना काही तरी बोलत असणार, ही कल्पना अवास्तव नाही. सातवाहनांच्या सुबक मूर्तीत जे क्रियापद आढळत नाही, ते या ओबडधोबड मातीत हाताच्या हालचालीने पुरविले आहे.

ही शिरोहीन देवी कोण, या प्रश्नाकडे वळताना मात्र सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. डॉ. म. के. ढवळीकर यांनी तिचा संबंध ‘विशिरा’ या देवतेशी सुचविला. पुढील काळात तेर, नेवासे आदी स्थळी मस्तकाच्या जागी कमळ असलेल्या किंवा मस्तकच नसलेल्या नग्न देवीच्या लहान प्रतिमा मिळतात. डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९६० मध्ये त्यांचा पश्चिम आशियापर्यंतच्या तुलनेने विचार केला, आणि डॉ. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ मध्ये ‘लज्जागौरी’ या ग्रंथात त्यांची सांगड रेणुका-यल्लम्मा यांच्या उपासनेशी घातली. रेणुकेची पुराणकथा सर्वांस परिचित आहे : जमदग्नीची आज्ञा, परशुरामाने केलेला मातेचा शिरच्छेद, आणि तिचे पुन्हा जिवंत होणे. माहूरला रेणुकेच्या केवळ मुखाचीच पूजा होते. तेथील लोककथा सांगते की, माता भूमीतून प्रकट होत असता परशुरामाने वेळेपूर्वी पाहिले, म्हणून मुख तेवढे वर आले आणि बाकीचे शरीर भूमीतच राहिले.

या दोन कथा एकमेकींशेजारी ठेवल्या असता त्यांची जात ओळखू येते. एका ठिकाणी धड आहे आणि मस्तक नाही. दुसऱ्या ठिकाणी मुख आहे आणि धड नाही. दोन्ही ठिकाणी प्रतिमेत जे उणे आहे त्याचे कारण कथा सांगते. म्हणजे कथेवरून मूर्ती घडविली गेली असे गृहीत धरण्याऐवजी, मूर्ती पाहून उठलेल्या प्रश्नाला कथेने उत्तर दिले, असेही मानावयास जागा आहे. पुराणांच्या आजच्या संहिता इनामगावच्या पेटीनंतर पुष्कळ शतकांनी सिद्ध झाल्या. अशा स्थितीत पुराणातील नाव उचलून इ. स. पू. १३०० मधील मातीला चिकटविणे धोक्याचे आहे. उलट, आकृती टिकून राहते आणि पिढ्यागणिक तिचा अर्थ नव्या शब्दांनी सांगितला जातो, हा क्रम भाषेच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. शब्दाचे रूप टिकते आणि अर्थ पालटतो, तेव्हा हेच घडत असते. ‘पार्थिव’ हा शब्द याचे उत्तम उदाहरण. ‘पृथ्वीचे, मातीचे’ एवढाच त्याचा मूळ अर्थ. पूजेच्या परिभाषेत तो मातीच्या गणपतीला आणि शिवलिंगाला लागतो; आजच्या वृत्तपत्री मराठीत तो मृतदेहाला लागतो. प्राणप्रतिष्ठेने जिवंत होणारी माती आणि प्राण गेल्यावर उरणारी माती, या दोन टोकांची कहाणी त्या एका शब्दात साठलेली आहे.

‘कहाणी’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. संस्कृत ‘कथानिका’ पासून प्राकृतमार्गे तो मराठीत आला; परंतु मराठीत त्याला व्रताच्या वेळी सांगावयाची कथा असा विशेष अर्थ लाभला. नागपंचमीच्या कहाणीत शेतकऱ्याच्या नांगराच्या फाळाने नागिणीची पिले मरतात, ती सूड घेण्यास निघते, आणि शेतकऱ्याच्या विवाहित मुलीने पाटावर नागाची आकृती काढून भक्तिभावाने पूजा मांडली आहे असे पाहून तिचा कोप शमतो. मेलेले जिवंत होतात. येथे प्रतिमा ही कथेचे चित्र नाही. ती कथेतील एक घटना आहे. ती काढली नसती तर कथा वेगळ्या रीतीने संपली असती. आणि ऐकणारी गृहिणी तशीच आकृती पुढ्यात मांडून बसलेली असते, त्यामुळे कथेतील मुलगी आणि ती स्वतः यांच्यातील अंतर त्या क्षणी नाहीसे होते. गणपतीच्या जन्मकथेतही हेच आहे. पार्वतीने आपल्या अंगच्या मळातून पुत्र घडविला, ही कथा मूर्ती घडविण्याचीच कथा होय. केदारखेड्याजवळचे राजूर हे गणेशक्षेत्र असल्याने या टापूत ती कथा घरोघर ऐकली जाते, आणि मातीचा गोळा हातात घेणाऱ्यास तिचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

मातीच्या मूर्तीला जे लागू पडते ते महाराष्ट्रातील कथाचित्रांनाही लागू पडते. पैठणची आणि सिंधुदुर्गातील पिंगुळीची चित्रकथी प्रसिद्ध आहे. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ग्रंथातही चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख येतो. पैठण शैलीची चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहावयास मिळतात. एका बाजूस तोंड केलेल्या मोठ्या डोळ्यांच्या आकृती, सपाट रंग, मोजकी पात्रे. चित्र एकटे पाहिले तर युद्ध कोणाचे आणि कशासाठी, हे पुष्कळदा कळत नाही. कळावे अशी अपेक्षाही नाही, कारण चित्राजवळ चित्रकथी बसलेला आहे. एक चित्र बाजूस सारून दुसरे पुढे करीपर्यंत जे घडते ते त्याच्या आवाजात घडते. चित्राने पात्रे पुरवावयाची आणि वाणीने क्रिया, ही श्रमविभागणी पैठणच्या चित्रात आणि भुलाबाईच्या मातीत सारखीच आढळते. म्हणून दख्खनच्या मृण्मूर्तीचे एकटेपण हे दारिद्र्य नसून, शेजारी बोलणारा मनुष्य आहे या विश्वासाचे ते लक्षण मानावे.

हा बोलणारा मनुष्य दूर झाला की काय होते, हे एकोणिसाव्या शतकातील मुंबईत दिसून आले. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या सर जे. जे. कलाशाळेत जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करविल्या. त्याच सुमारास जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने तेथे झिलईदार भांडी तयार होऊ लागली, आणि अजिंठ्याच्या आकृती तसेच पुराणांतील देवदेवता त्या फुलदाण्यांवर अवतरल्या. परदेशच्या ग्राहकांसाठी केलेले ते काम सुबक आहे. परंतु जातकाच्या प्रसंगातून उचललेली आकृती फुलदाणीच्या पोटावर आली की ती नक्षी होते. भिंत गेली, शेजारची पात्रे गेली, सांगणाराही गेला.

याच कलाशाळेत १८६५ पासून शिकविणाऱ्या जॉन लॉकवुड किपलिंग यांनी, स्वदेशी परतल्यानंतर, आपल्या पुत्राच्या ‘किम’ या १९०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीसाठी मातीत उठावाची शिल्पे घडविली आणि त्यांची छायाचित्रे पुस्तकात चित्रे म्हणून छापली गेली. येथे माती पुन्हा कथेपाशी आली, परंतु आता शब्द छापील आणि आधीच ठरलेले होते. मातीला त्यांच्या मागून चालावयाचे होते. कहाणी सांगणारी स्त्री मूर्ती पाहून एखादा तपशील वाढवते किंवा गाळते. छापील पानाला ती मोकळीक नाही. फुलदाणी, पुस्तक आणि पाट ही मातीच्या तीन निरनिराळ्या नात्यांची ठिकाणे होत : पहिल्यात शब्दच नाही, दुसऱ्यात शब्द स्वामी आहे, तिसऱ्यात शब्द सोबती आहे.

या विवेचनातून संशोधनाच्या दृष्टीने दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, उत्खननात मिळालेल्या एकाकी मृण्मूर्तीस पुराणातील तयार नाव देऊन समाधान मानू नये. तसेच तिच्यात प्रसंग नाही म्हणून तिला निव्वळ खेळणे किंवा शोभेची वस्तूही ठरवू नये. तिच्यासमवेत उच्चारलेले शब्द मिळत नाहीत, परंतु ते उच्चारण्याची जी रीत या प्रदेशात आजवर चालत आली तिची नोंद करता येते. दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती शाडूच्या मूर्तीसारखी पाण्यात विरत नाही. म्हणजे मातीने मातीस मिळावयाचे, हा त्या कहाणीचा शेवट तिच्या बाबतीत घडत नाही. साचा शहरातून येतो, आणि कहाणी पाठ असणाऱ्या स्त्रिया गावोगाव कमी होत चालल्या आहेत. भाजलेली माती पुढल्या उत्खननाची वाट पाहत शतकानुशतके पडून राहू शकते. न भाजलेली माती आणि तिच्यासमोर बोललेला शब्द यांना तेवढा अवधी नसतो. भोगवर्धनाच्या खापरांची जशी क्रमवार नोंद झाली, तशीच पूर्णेकाठच्या गावांतील सणाच्या मूर्ती, त्या घडविणाऱ्यांचे शब्द आणि त्यांच्यासमोर सांगितल्या जाणाऱ्या कहाण्या यांची नोंद, मूर्ती आणि कथा वेगवेगळ्या न करता, एकत्र झाली पाहिजे. तसे न झाल्यास पुढील अभ्यासकासमोर पुन्हा एकदा सुंदर, सुरक्षित आणि मुक्या मूर्तीच तेवढ्या उरतील.